फळं ओळखतो, पण मागत नाही

पार्श्वभूमी

विहान (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आमच्या वाचोपचार (स्पीच थेरपी) केंद्रात पहिल्यांदा आला तेव्हा दोन वर्षं नऊ महिन्यांचा होता. महिना ऑगस्टचा. घर पुण्यात हडपसरला, माणसं चार. आई बँकेत नोकरी करते, बाबा एका कंपनीत शिफ्टमध्ये. दिवसभर मूल आजींकडे. आजी सासवडच्या बाजूच्या, माहेरी सीताफळ आणि अंजिराच्या बागेत वाढलेल्या. घरात सगळे मराठीच बोलतात. जूनपासून विहान सकाळी दोन तास प्लेग्रुपला जायला लागला होता, तिथे मात्र इंग्रजी.

त्याला केंद्रात आणायचं कारण प्लेग्रुपमधून आलं. ‘तो काहीच बोलत नाही’ असं तिथून कळवलं होतं. घरच्यांना ते पटत नव्हतं, कारण घरी तर तो सारखा काहीतरी म्हणत असतो. आईने शब्दांची यादी लिहून आणली होती. सत्तरच्या आसपास शब्द. फळं, प्राणी, रंग, गाड्या. ॲपल, ऑरेंज, किवी, ड्रॅगनफ्रूट. किवी आणि ड्रॅगनफ्रूट त्याने कधी खाल्लेलं नव्हतं, आजींनी तर पाहिलेलंही नव्हतं. उच्चार स्वच्छ, चाल मात्र व्हिडिओतली, शेवटचं अक्षर लांबवलेली.

अडचण

पहिल्याच भेटीत आम्ही घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात बिस्किट ठेवून डबा त्याच्यासमोर सरकवला. त्याने हलवून पाहिला, झाकणाशी झटापट केली, मग आजींचं बोट पकडलं आणि झाकणावर नेऊन टेकवलं. तोंडाने नुसतं ‘अं, अं’. आजींनी क्षणात डबा उघडून दिला. पाच मिनिटांनी चित्रांचं पुस्तक काढलं तर हाच मुलगा अननसावर बोट ठेवून ‘पाइनॲपल’ म्हणाला, आणि शाबासकीसाठी आजींकडे पाहिलं.

पूर्ण यादीत एकही क्रियापद नव्हतं. ‘दे’ नाही, ‘चल’ नाही, ‘नको’सुद्धा हात झिडकारून. दोन शब्द जोडून तो काहीच म्हणत नव्हता. मुलं साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ‘आई ये’, ‘दूध दे’ अशा जोड्या करायला लागतात. विहानकडे शब्दांचा साठा वयाच्या मानाने कमी होताच, पण जे शब्द होते त्यांच्याकडूनही तो काम करून घेत नव्हता. चित्र दिसलं की नाव, नाव घेतलं की टाळ्या, एवढाच त्याचा भाषेशी व्यवहार होता.

दुसऱ्याचं बोट धरून ते वस्तूवर नेणं ही गोष्ट हलक्यात घ्यायची नसते. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) संदर्भात आम्ही ती आवर्जून नोंदवतो. त्यामुळे घरी काय करायचं हे ठरवण्याआधी कानांची तपासणी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचा सल्ला, या दोन्ही गोष्टी करायला लावल्या. श्रवण व्यवस्थित निघालं. डॉक्टरांच्या निरीक्षणात तो हाकेला वळत होता, कोणी बोट दाखवलं की तिकडे बघत होता, आवडलेली वस्तू आणून आजींना दाखवत होता, बाहुलीला चमच्याने भरवत होता. सध्या स्वमग्नतेचं निदान नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, असं त्यांनी लिहून दिलं. यापुढचं सगळं या दोन कागदांवर उभं आहे. ते वेगळे आले असते तर मार्गही वेगळा घ्यावा लागला असता.

घरच्यांकडून आम्ही एका दिवसाचं वेळापत्रक लिहून घेतलं. त्यात ‘दुपारी ४ – फळं व मोबाइल’ अशी ओळ होती. विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. नातू झोपेतून उठायच्या आत आजी फळ सोलून, बिया काढून, फोडी करून वाटीत काटा लावून ठेवत. समोर मोबाइल, त्यात फळांची गाणी. तो पडद्यावरचं केळं बघत बघत वाटीतलं केळं संपवायचा. खरं केळं सोललं जाताना मात्र त्याने क्वचितच पाहिलं होतं. इतक्या मायेने सगळं तयार मिळत होतं की मागायला काही उरतच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

घरच्यांचा कल पहिल्यांदा थांबण्याकडे होता. बाबाही तिसऱ्या वर्षी बोलायला लागले होते, ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं शेजारी सांगत होते. काही मुलं खरंच आपोआप वेग पकडतात. अडचण एवढीच की कोणतं मूल पकडेल हे आधी सांगता येत नाही, आणि विहानच्या बाबतीत क्रियापदांचा पूर्ण अभाव आम्हाला स्वस्थ बसू देण्यासारखा नव्हता.

प्लेग्रुपमधून दुसरी सूचना आली होती. घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही. ही सूचना आम्ही दर महिन्याला कोणत्या ना कोणत्या पालकांकडून ऐकतो, आणि दर वेळी तीच गोष्ट सांगतो. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मूल उशिरा बोलायला लागत नाही. आणि ज्या बाईंच्या हाताखाली मूल दहा तास असतं त्यांना धड न येणारी भाषा बोलायला लावली, तर मुलाला मिळणारं बोलणंच आटतं. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला पडला. आईला त्यामुळे बरंच हायसं वाटलं.

तिसरा पर्याय आठवड्यातून दोनदा केंद्रात येण्याचा. आजी एकट्या रिक्षाने मुलाला घेऊन येणार, खर्च वेगळा, आणि आठवड्यातला दीड तास सोडला तर बाकी दिवस जसेच्या तसे.

चौथा पर्याय चार वाजताच्या त्या ओळीतून निघाला. आजींच्या हाताला सवय असलेलं, रोज होणारं एकच काम निवडायचं आणि तिथेच भाषा पेरायची. फळ त्यासाठी सोयीचं, कारण त्याच्यावर काहीतरी करावं लागतं. ते धुवायचं, सोलायचं, चिरायचं, पिळायचं, चोखायचं असतं. बी थुंकायची, साल टाकायची, कुणाला तरी अर्धं द्यायचं असतं. शिवाय ते हंगामानुसार बदलतं, म्हणजे कृती त्याच राहतात आणि वस्तू नवी येते. (यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांनी शिकवण्याची साधनं परिसरातूनच उचलली होती. आम्ही तेच घरातल्या ओट्यावर आणलं.)

ठरलं ते असं : घरचा प्रयत्न आजी करतील, दर पंधरवड्याला केंद्रात भेट, आणि दिवाळीनंतर आढावा. तोवर दोन शब्दांच्या जोड्या दिसल्या नाहीत तर नियमित थेरपी. ही अट आम्ही आधीच लिहून ठेवली. नाहीतर ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणता म्हणता वर्ष जातं.

काय केलं

मोबाइल पूर्ण बंद करायचा आग्रह धरला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे, आणि विहानचा वेळ तिच्या बराच पुढे होता. पण आजींना संध्याकाळच्या स्वयंपाकाला अर्धा तास मोकळा हवाच होता. तो ठेवला. चार वाजताचा काढला.

फळ अख्खं समोर यायला लागलं. ताट, सुरी आजींच्या हातात, मूल समोर पाटावर. पहिला नियम ऐकून आजी हसल्याच : ‘हे काय आहे?’ विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं, आणि तिथेच गाडी थांबत होती. त्याऐवजी हात जे करतोय ते तोंडाने म्हणायचं, छोट्या वाक्यांत, तेच तेच. ‘सोल. सोल. साल निघाली. टाक साल.’ मग गप्प बसून त्याच्याकडे बघायचं. हे गप्प बसणं आजींना सगळ्यांत जड गेलं. त्या रोज संध्याकाळी आम्हाला व्हॉइस मेसेज पाठवत. सुरुवातीच्या मेसेजमध्ये ऐकू येतं की दोन सेकंद शांतता झाली की त्या स्वतःच दोघांच्या वाट्याचं बोलून टाकतात.

सुरुवातीला सीताफळाने हात दिला. हंगाम होताच, आणि सीताफळ सुरीचं फळ नाही. आजी त्याला डोळे उघडलेलं, दाबल्यावर मऊ लागणारं फळ निवडायला लावत. मग दोघांचे चार हात त्या फळावर, ‘उघड... उघड...’ म्हणत हळूहळू दाब, आणि फळ मधोमध फुटलं की ‘उघडलं!’ बिया आजी काढत. सीताफळाची बी चावून किंवा कुटून पोटात जाऊ नये आणि तिची पूड डोळ्यांना फार वाईट, हे आम्ही सांगण्याआधीच त्यांना ठाऊक होतं. काढलेल्या काळ्या बिया वाटीत टाकताना ‘एक अजून, एक अजून’ हा त्यांचाच खेळ.

त्या काळातल्या एका मेसेजमध्ये आजी शेजारणीशी काहीतरी बोलत आहेत आणि मागून विहानचा आवाज येतो : ‘उघ’. आजी बोलतच राहतात. पुन्हा, जोरात : ‘उघ!’ मग शांतता, आणि आजींचं ‘अगं बाई, उघड म्हणतोय!’ आठवड्याभरात तोच शब्द फ्रिजला, दाराला, आईच्या पर्सला आणि बाबांच्या मिटलेल्या डोळ्यांना लागू झाला. ‘ड्रॅगनफ्रूट’ हा शब्द एवढ्या ठिकाणी नेता आला नसता.

या टप्प्यावर आजींशी एक मतभेद झाला, आणि तो या प्रकरणातला महत्त्वाचा निर्णय ठरला. मूल शब्द उच्चारेपर्यंत हवी ती वस्तू हातात धरून ठेवायची, ही थेरपीत वापरली जाणारी एक पद्धत आहे. आमच्या आराखड्यात ती दुसऱ्या टप्प्यावर होती. आजींनी सरळ नकार दिला. ‘त्याला भूक लागलीये अन् मी शब्दाची वाट बघत बसू? खायला घालताना लेकराला रडवायचं नाही.’ केंद्रात यावर चर्चा झाली. एक बाजू अशी की अट नसेल तर मुलाला बोलायची गरजच वाटणार नाही. दुसरी बाजू अशी की अन्नावर अट लावली तर बोलणं येईल न येईल, पण जेवणाची कटकट मात्र नक्की सुरू होईल, आणि ज्या माणसावर हा सगळा डोलारा आहे तेच माणूस नाराज होईल. दुसरी बाजू मानली. मधला मार्ग असा : आजी फोड हातात घेऊन पाचपर्यंत मनात मोजतील, मुलाने नजर, हात, आवाज काहीही केलं तरी त्या स्वतः ‘दे’ म्हणतील आणि लगेच देतील. शब्द आला नाही म्हणून फोड अडणार नाही.

निवड करायला लावणं हे पुढचं पाऊल. एका हातात पेरू, एका हातात केळं, ‘पेरू की केळं?’ चार दिवस तो दर वेळी ‘केळं’ म्हणाला आणि घरात आनंद झाला. पण लहान मुलं पुष्कळदा शेवटी ऐकलेला शब्दच परत करतात. क्रम उलटा केल्यावर तो ‘पेरू’ म्हणायला लागला आणि पेरू दिल्यावर चिडला. मग आजी एकदा असा, एकदा तसा क्रम ठेवू लागल्या, आणि मागितलेलं फळच हातात द्यायचं हे कटाक्षाने पाळू लागल्या. नको असलेला पेरू हातात पडला की ‘नको’ म्हणायलाही कारण मिळतं. त्याचा पहिला तोंडी ‘नको’ अशाच पेरूसाठी होता.

आई संध्याकाळी साडेसातला घरी. तिच्यासाठी आजी त्या दिवशीची साल किंवा बी झाकणाच्या डबीत ठेवत. विहान डबी घेऊन दाराशी. आई विचारायची नाही, डबीत डोकावून म्हणायची, ‘अरे, मोसंबी खाल्ली!’ यातून भूतकाळ आला, आणि मराठीचा खरा गुंता समोर आला. पेरू खाल्ला, मोसंबी खाल्ली, केळं खाल्लं. फळ बदललं की क्रियापदाचं रूप बदलतं, आणि तिन्ही लिंगं एकाच टोपलीत सापडतात. विहानसाठी बराच काळ सगळंच ‘खाल्ला’ होतं. ‘असं नाही म्हणायचं’ हे वाक्य घरात वापरायचं नाही असं ठरवलं होतं. तो ‘केळं खाल्ला’ म्हणाला की आई ‘हो, केळं खाल्लं, गोड होतं का?’ म्हणून पुढे जायची.

दिवाळीनंतरचा आढावा

दिवाळीत आठवडाभर गावी, भावंडं, पाहुणे, भरपूर मोबाइल. परतल्यावर चार वाजताचा पाट विस्कटला. त्यात बाबांनी हौसेने फळांचे फ्लॅशकार्ड आणि चिकटपट्टीवर कापता येणारी प्लास्टिकची फळं आणली. आजी वैतागल्या. आम्हाला मात्र ती फळं बाबांना आत घेण्याची संधी वाटली, कारण तोवर त्यांना या सगळ्यात कामच नव्हतं. शिफ्ट नसलेल्या दिवशी बाबा फळवाले, विहान गिऱ्हाईक. नंतर उलट. ‘काय देऊ?’ ‘पिशवी आणली का?’ ‘पैसे द्या!’ कार्ड ओळखायची नाहीत. कार्डं म्हणजे नोटा.

आढाव्यात दोन शब्दांच्या सात-आठ जोड्या मोजल्या. घरच्यांच्या मते अट पूर्ण झाली होती. आमचं तसं मत नव्हतं. ‘आजी दे’, ‘साल टाक’ या जोड्या एका श्वासात पाठ झाल्यासारख्या येत होत्या. ‘बाबा दे’, ‘बूट टाक’ असं शब्द फिरवून तो म्हणत नव्हता. यादीतला आकडा बघितला तर पास, वापर बघितला तर काठावर. शेवटी आठवड्यातून एकदा केंद्रात थेरपी सुरू केली, आजी सोबत बसतील या अटीवर, आणि घरचा पाट तसाच चालू ठेवला. आधी लिहून ठेवलेली अट मोघम होती म्हणून हा वाद झाला. ‘जोड्या दिसल्या पाहिजेत’ याऐवजी ‘एकच क्रियापद तीन वेगळ्या नामांबरोबर आलं पाहिजे’ असं लिहिलेलं असतं तर दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी मिळाली असती.

डिसेंबरात खरा फळवाला आला. सोसायटीच्या दारात हातगाडी लावणारे काका आजींच्या ओळखीचे. आजींनी त्यांना एवढंच सांगितलं की माझ्याकडे बघू नका, याच्याकडे बघा. काकांनी ते मनावर घेतलं. ‘काय देऊ, मालक?’ म्हणून ते दुसरं गिऱ्हाईक थांबवून उभे. विहान आजींच्या पदरामागे. दोन-तीन फेऱ्या अशाच फुकट गेल्या. मग एकदा त्याने संत्र्यांच्या ढिगाकडे हात केला आणि म्हणाला, ‘काका दे.’ काकांनी मुद्दाम लिंबू उचललं. ‘नको! ते दे!’ ‘काका दे’ ही जोडी त्याला कुणी शिकवली नव्हती. ‘दे’ आजींपासून सुटून दुसऱ्या माणसाला लागला होता, आणि ‘ते दे’मध्ये तर आणखी पुढे गेला होता.

संक्रांतीनंतर घरी बोरन्हाण केलं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, आणि सोसायटीतली पाच-सहा मुलं. इथे सुरक्षिततेचा मुद्दा आधीच बोलून घेतला होता. अख्खं बोर, अख्खं द्राक्ष, जांभूळ ही पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकण्याजोगी फळं आहेत. द्राक्ष उभं चिरून चार तुकडे करून द्यायचं, बोराची बी मोठ्यांनी काढायची, आणि खाणं बसून, पळताना नाही. बोरन्हाणात वेचलेलं सगळं आधी ताटलीत, तोंडात नंतर. ऊसही आजींनी मुलांना चघळायला दिला नाही. उचलाउचलीत एका मुलीने विहानच्या ताटलीतलं बोर घेतलं. आईने पाठवलेल्या व्हिडिओत त्याचं वाक्य स्पष्ट आहे : ‘माझं बोल आहे, दे!’ (‘र’चा ‘ल’ होणं या वयात चालतं, त्याच्यामागे आम्ही लागलो नाही.) समवयस्काशी भांडताना आलेलं हे वाक्य आमच्या नोंदवहीत ठळक अक्षरांत आहे.

परिणाम

फेब्रुवारीत, सहा महिन्यांच्या शेवटी, विहान रोजच्या व्यवहारात दोन-तीन शब्दांची वाक्यं करत होता. क्रियापदं पंचविसाच्या पुढे गेली होती. ‘कुठे’ विचारायला लागला होता, ‘का’ अजून नाही. बोट धरून नेणं जवळपास थांबलं होतं. डॉक्टरांच्या दुसऱ्या भेटीतही चिंतेचं काही निघालं नाही.

प्लेग्रुपमध्ये मात्र तो अजूनही फार कमी बोलतो. तिथल्या ताईंना आम्ही पत्र लिहून दोन गोष्टी सुचवल्या, डबा खाताना त्याच्याशी मराठीत बोलणं आणि नावं विचारणं कमी करणं. पहिली मान्य झाली नाही.

हे सगळं फळांमुळे झालं असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबरपासून थेरपीही चालू होती, मोबाइल कमी झाला होता, आणि मूल सहा महिन्यांनी मोठंही झालं होतं. पण ‘उघड’, ‘नको’ आणि त्याची पहिली क्रियापदं थेरपीच्या आधी, पाटावर आली, हे मेसेजमध्ये तारखांसह ऐकू येतं.

वेगळं काय करता आलं असतं

आजींचे मेसेज योगायोगाने पुरावा ठरले. सुरुवातीलाच चार वाजताच्या वेळेचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घेतला असता तर ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना नीट झाली असती. आता अशा प्रकरणात पहिल्या भेटीतच तो मागतो.

बाबा दिवाळीनंतर आले, ते ऑगस्टमध्येच यायला हवे होते. आजींशी बोलताना मुलाला फार कष्ट पडत नव्हते, कारण त्या न बोलताही ओळखायच्या. थोडं कमी ओळखणारा माणूस या कामाला उपयोगी पडतो, आणि घरात तो उपलब्ध होता.

श्रवण तपासणीची तारीख मिळायला काही आठवडे गेले. तेवढ्या काळात घरच्यांनी दुसऱ्या दोन ठिकाणी सल्ले घेतले आणि गोंधळ वाढला. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांची तपासणी होते आणि जिल्हा पातळीवर पुढच्या तपासण्यांची सोय आहे. खासगी तारखेची वाट बघत असताना तो रस्ताही पालकांना सांगायला हवा.

हा मार्ग प्रत्येक घराला लागू पडत नाही. ज्या मुलाला चिकट, ओलसर स्पर्शाने शिसारी येते त्याच्यासमोर सीताफळ ठेवलं तर ते पाटावरून उठून जाईल. तिथे कणीक, कपड्यांच्या घड्या किंवा झाडांना पाणी घालणं निवडावं. ज्या घरात जेवणावरून आधीच रोज रडारड आहे तिथेही खाण्याची वेळ निवडू नये. आणि मूल हाकेला वळत नसेल, आधी बोललेले शब्द गमावत असेल किंवा नजर देत नसेल, तर फळं, कार्ड, खेळ सगळं बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.